दंगा, धमाल की बेशिस्त? इंग्रजी शब्द निवडण्यापूर्वी

शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘बॉइस्टरस’ असा शेरा येतो आणि आईवडील विचारात पडतात, हे कौतुक समजायचं की तक्रार? सोसायटीच्या सचिवांना रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पार्टीबद्दल इंग्रजीत पत्र लिहायचं असतं; ‘नॉइझी’ फार मवाळ वाटतं आणि ‘राउडी’ लिहायला हात धजत नाही. कुणी आपल्या गमत्या मित्राची ओळख परदेशी सहकाऱ्याला ‘व्हेरी नॉटी’ अशी करून देतं आणि समोरचा एकदम का अवघडला हे कळत नाही. अशा शंका वाचक पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून हा लेख.

मराठीत आपल्याला हे फरक शिकवावे लागत नाहीत. अवखळ, खोडकर, द्वाड, वांड, उनाड, उद्दाम हे शब्द एका माळेत बसत नाहीत हे कानालाच कळतं. आजी नातवाला ‘द्वाड मेला’ म्हणते त्यात माया असते. पोलिस कुणाला ‘हुल्लडबाज’ म्हणतात त्यात नसते. इंग्रजीतही अशाच पायऱ्या आहेत. अडचण अशी की छोटे इंग्रजी-मराठी शब्दकोश यातल्या निम्म्या शब्दांपुढे ‘दंगेखोर’ एवढंच लिहून थांबतात, आणि तेवढ्यावर विसंबून आपण शेरे वाचतो, अर्ज लिहितो, माणसांची ओळख करून देतो.

आधी हे तीन प्रश्न स्वतःला विचारा

१. मुद्दा नेमका कशाचा आहे? आवाजाचा, उत्साहाचा, की नियम मोडण्याचा? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजी त्यांना बहुतेक वेळा वेगळे शब्द देते.

२. तुम्हाला ते वागणं आवडतंय, चालतंय, की नकोय? यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात बोलणाऱ्याची पसंती-नापसंती मुरलेली असते.

३. हे कोण वाचणार आणि किती दिवस जपून ठेवणार? गप्पांमधला शब्द हवेत विरतो. शाळेच्या, कचेरीच्या किंवा पोलिसांच्या कागदावरचा शब्द त्या माणसामागे चालत राहतो.

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. गणेशोत्सवातलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. आवाज प्रचंड, म्हणून ‘लाउड’ म्हणता येईल. उत्साह ओसंडून वाहतोय, म्हणून ‘एक्झ्यूबरंट’ चपखल बसेल. पण वादक रांगेत उभे आहेत, इशाऱ्यासरशी ताल बदलतो, इशारा झाला की सगळे एकदम थांबतात. अशा पथकाला ‘राउडी’ किंवा ‘अनरूली’ म्हणणं चूक आहे, कारण बेशिस्त तिथे औषधालाही नाही. आता याच्या उलट उदाहरण घ्या. विमानाच्या शौचालयात कुणी गुपचूप सिगारेट ओढली, तर तिथे आवाज नाही, धमाल नाही, तरी विमान कंपनी त्याला ‘अनरूली पॅसेंजर’ म्हणणार. ‘अनरूली’ला आवाजाची गरज नसते, नियम धाब्यावर बसवले की पुरे. एवढा भेद पक्का झाला तरी अर्धी गल्लत टळते.

मुलांबद्दल बोलताना आणि लिहिताना

इथे शब्द खूप आहेत आणि प्रत्येकाचा परिणामही मोठा आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

- लाइव्हली: चुणचुणीत, उत्साही. निखळ चांगला शब्द. मुलाला, वर्गाला, चर्चेला, बाजारपेठेलासुद्धा लावता येतो.
- स्पिरिटेड, हाय-स्पिरिटेड: अंगात जोम आहे, मनात रग आहे, सहज दबून जाणारं मूल नाही. याही शब्दात कौतुक आहे. ‘सांभाळणाऱ्याची दमछाक होते’ ही सूचना मात्र ‘हाय-स्पिरिटेड’मध्ये हळूच डोकावते.
- बॉइस्टरस: आवाज आणि ऊर्जा दोन्ही, आणि मन आनंदी. मधल्या सुट्टीत मैदानावर धावणारी, एकमेकांना हाका मारणारी मुलं बॉइस्टरस असतात. शब्दात राग नाही, पण ‘जरा आवरा’ असा सूर असतो. तुमच्या मुलाला हा शेरा मिळाला असेल तर घाबरू नका. शिक्षक त्याला वाईट म्हणत नाहीत, त्याचा जोर वर्गाच्या मापात बसत नाही एवढंच सांगताहेत.
- रॅम्बंक्शस: बॉइस्टरसचाच अमेरिकी भाऊबंद, थोडा अधिक आडदांड आणि थोडा अधिक लाडिक. अमेरिकेतल्या शिक्षिका लहान मुलांबद्दल तो हसत वापरतात. ब्रिटिश इंग्रजीत त्याचं ‘रम्बस्चस’ असं रूप भेटतं.
- मिसचिव्हस: खोडकर, खट्याळ. डोळ्यांत मिश्कील चमक असलेलं मूल. आवाजाशी याचा संबंध नाही. सगळ्यांत शांत मूलच कधीकधी सगळ्यांत मिसचिव्हस असतं. उच्चारात पहिल्या अक्षरावर जोर द्या. ‘मिसचीव्हिअस’ असा उच्चार पुष्कळ लोक करतात, तो टाळा.
- नॉटी: सांगितलेलं ऐकत नाही असं लहान मूल. आपल्याकडे हा शब्द लाडाने वापरला जातो. ब्रिटनमध्ये मात्र बालवाडीच्या शिक्षिका तो टाळणं पसंत करतात, कारण तो वागण्यापेक्षा मुलालाच वाईट ठरवतो.
- डिसरप्टिव्ह: इथून भाषा बदलते. मुलाच्या वागण्यामुळे इतरांचं शिक्षण थांबतं, असा हा थेट आरोप आहे. उद्योगजगतात ‘डिसरप्टिव्ह’ नवकल्पनेची वाहवा होते, म्हणून काही पालक हा शेरा कौतुक समजतात. शाळेच्या कागदावर तो कौतुक नसतो.
- अनरूली: ताब्यात न राहणारं. विस्कटलेल्या केसांनाही हा शब्द लावतात, तिथे तो निरुपद्रवी आहे. मुलाला लावला की ‘सांगून उपयोग होत नाही’ असा अर्थ होतो.
- डिफायंट: जाणूनबुजून उलट जाणारं, हट्टाने विरोध करणारं. या शब्दात मुलाच्या हेतूबद्दलच निवाडा दिलेला असतो. एखादा मुलगा मोठ्या आवाजात बोलतो एवढ्यावरून तो लिहिणं अन्याय आहे.

घरात आपण सहज म्हणतो, ‘आमचा फार ॲक्टिव्ह आहे.’ इंग्रजीत ‘ॲक्टिव्ह चाइल्ड’ म्हणजे खेळतं-धावतं, निरोगी मूल. त्यात तक्रार नाही. तुम्हाला ‘एका जागी बसतच नाही’ असं म्हणायचं असेल तर ‘रेस्टलेस’ किंवा ‘फिजेटी’ म्हणा. चुळबुळ्या मुलासाठी ‘फिजेटी’ इतका नेमका शब्द दुसरा नाही.

आणि ‘हायपरॲक्टिव्ह’ शक्यतो वापरूच नका. तो वैद्यकीय शब्द आहे. एडीएचडी या स्थितीचं निदान करताना तज्ज्ञ लक्षणं किमान सहा महिने टिकली आहेत का, बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, आणि घर व शाळा अशा दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात का हे तपासतात. पाहुण्यांसमोर सोफ्यावर उड्या मारल्या एवढ्यावरून हा शब्द वापरला, तर मुलावर चुकीचा शिक्का बसतो. शिवाय ज्या मुलांना खरोखर मदतीची गरज आहे त्यांचं दुखणंही ‘असतात मुलं अशीच’ म्हणून झटकलं जातं. दुसरं नुकसान मला अधिक गंभीर वाटतं.

शाळेचा शेरा हाती आला की काय करावं

शेऱ्यातल्या विशेषणाशी वाद घालत बसू नका. त्यामागची घटना विचारा.

१. वर्गशिक्षकांची वेळ घ्या आणि विचारा: नेमकं काय घडलं, कोणत्या तासाला, किती वेळा?

२. इतर विषयांच्या शिक्षकांचाही हाच अनुभव आहे का? एकाच तासाला दंगा होत असेल तर प्रश्न त्या तासात असू शकतो: बसण्याची जागा, फळा न दिसणं, शिकवलेलं आधीच येत असणं किंवा अजिबात न कळणं.

३. ‘हायपरॲक्टिव्ह’, ‘अॅब्नॉर्मल’ असे शब्द लेखी आले असतील तर ते कोणत्या तपासणीच्या आधारावर लिहिले हे नम्रपणे पण स्पष्ट विचारा. शिक्षक निरीक्षण सांगू शकतात, तज्ज्ञाकडे जा असं सुचवू शकतात; निदान करणं त्यांच्या अधिकारात नाही.

४. भेटीत जे ठरलं ते दोन ओळींत लिहून शाळेला पाठवा.

तुमचे हक्क माहीत असू द्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींपासून संरक्षण देतं. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचं शिक्षण, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. ‘तुमचा मुलगा अनरूली आहे, दाखला घेऊन जा’ असं कुणी तोंडी सांगितलं तर तिथल्या तिथे अर्जावर सही करू नका. लेखी कारण मागा. एक अपवाद लक्षात ठेवा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधल्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांसाठी तिथला १९७४चा फर्पा हा कायदा उपयोगी आहे. मुलाची शालेय नोंद पाहण्याची विनंती केली की शाळेला ती जास्तीत जास्त ४५ दिवसांत दाखवावी लागते, आणि नोंद चुकीची किंवा दिशाभूल करणारी वाटली तर दुरुस्तीची मागणी करता येते. ‘डिसरप्टिव्ह’, ‘डिफायंट’ असे शब्द एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत मुलाबरोबर जातात. नव्या शिक्षिकेने मुलाला पाहण्याआधी ते वाचलेले असतात. म्हणून ही विनंती करायला संकोचू नका.

शिक्षकांनो, तुमच्यासाठी

विशेषण लिहिण्याऐवजी कृती लिहा. ‘ही इज अनरूली’ याऐवजी ‘ही लीव्ह्ज हिज सीट ड्युरिंग रीडिंग टाइम’ लिहा. ‘शी इज व्हेरी टॉकेटिव्ह’ याऐवजी ‘शी एन्जॉइज डिस्कशन अँड इज लर्निंग टु वेट फॉर हर टर्न’ लिहा. वाक्य चार शब्दांनी लांबतं, पण पालकांना काय करायचं ते कळतं, आणि मूल सुधारलं की वाक्य आपोआप शिळं होतं. ‘अनरूली’ मात्र शिळा होत नाही. चौथीतला शेरा सातवीतही तसाच वाचला जातो. दिवसाला साठ-सत्तर पुस्तकं भरताना हे जड जातं याची मला जाणीव आहे. तरीही निदान ज्या मुलांबद्दल तक्रार आहे त्यांच्यापुरता हा वेळ काढाच.

फक्त आवाजच असेल तर

इथे फार विचार करावा लागत नाही.

- नॉइझी जागेला, यंत्राला, वर्गाला. लाउड आवाजाला, संगीताला किंवा माणसाच्या बोलण्याला. ‘ही इज लाउड’ म्हटलं की माणूस मोठ्याने बोलतो आणि त्यात थोडा भडकपणाही आहे, असं ऐकणाऱ्याला वाटतं.
- हबब, बझ म्हणजे गजबज. सुखद.
- रॅकेट, डिन म्हणजे डोकं उठवणारा गोंगाट. ‘डिन’ यंत्रांचा, वाहनांचा, सततचा.
- रॉकस म्हणजे कर्कश, घोगरा, कानाला बोचणारा. कावळ्यांचा, हास्याचा किंवा पार्टीचा. याच्याशी रकस या शब्दाची गल्लत करू नका. रकस हे नाम आहे, अर्थ गदारोळ, राडा. ‘दे क्रिएटेड अ रकस’ बरोबर, ‘अ रॉकस’ चूक.
- अपरोरिअस बहुधा हास्याला लागतो: सभागृह दणाणून सोडणारं हसू.

हाक मारताना आणि ओरडताना शब्दयोगी सांभाळा. ‘शाउट टु’ म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलणं. ‘शाउट ॲट’ म्हणजे अंगावर ओरडणं. ‘माय बॉस शाउटेड टु मी’ असं तुम्ही तक्रारीत लिहिलंत तर तक्रारच उरत नाही.

मोठ्या माणसांची ओळख करून देताना

‘नॉटी’ हा शब्द प्रौढांसाठी वापरू नका. इंग्रजीत मोठ्या माणसाला लागल्यावर त्याला लैंगिक छटा येते. कचेरीतल्या सहकाऱ्याबद्दल तो वापरला, तर तुमच्या मनात नसलेला अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. ‘वाइल्ड’ही तसाच जपून वापरायचा शब्द आहे. मस्तीखोर, गमत्या मित्रासाठी ‘फन-लव्हिंग’ किंवा ‘अ ग्रेट सेन्स ऑफ ह्यूमर’ पुरेसं आहे. ‘ही इज अ राइअट’ असंही म्हणतात, अर्थ ‘हसवून हसवून मारतो’. पण हा बोलीतला प्रयोग आहे, लेखी परिचयात नको.

विवाहाच्या बायोडेटात ‘जॉली नेचर’ हमखास दिसतं. परदेशी वाचणाऱ्याला ‘जॉली’ म्हटलं की गोलमटोल, हसरे आजोबा आठवतात. ‘चिअरफुल’, ‘आउटगोइंग’ किंवा ‘लाइव्हली’ लिहा. ‘व्हिव्हेशस’ सुंदर शब्द आहे, पण इंग्रजीत तो जवळजवळ नेहमी स्त्रियांनाच लावला जातो. मुलाच्या बायोडेटात तो विचित्र दिसेल. नोकरीच्या अर्जात यांपैकी कशाचीच गरज नाही, तिथे ‘एनर्जेटिक’ने भागतं.

‘नटोरिअस’ म्हणजे प्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. ‘अवर नटोरिअस गँग ऑफ फ्रेंड्स’ असं मैत्रीत चालून जातं. सत्कार समारंभाच्या निमंत्रणात ‘नटोरिअस सिंगर’ छापलं तर पाहुण्याचा अपमान होतो.

वेड्यासारखा गोंधळ म्हणून ‘बेडलम’ लिहिताना एक क्षण थांबा. लंडनमध्ये १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेहेम या संस्थेचं पुढे मनोरुग्णांसाठीचं रुग्णालय झालं, आणि तिच्या नावाचा अपभ्रंश म्हणजे हा शब्द. आज बहुतेक इंग्रज तो सहज वापरतात, तरी रुग्णालयाच्या किंवा दिव्यांगांच्या शाळेच्या संदर्भात तो नको. त्याऐवजी ‘पॅन्डमोनिअम’ घ्या. हा जॉन मिल्टनने ‘पॅरडाइस लॉस्ट’ या १६६७च्या महाकाव्यात नरकाच्या राजधानीला दिलेल्या नावावरून आला. संसदेतल्या गदारोळाच्या इंग्रजी बातम्यांत तो कायम भेटतो.

सोसायटीचं पत्र आणि पोलिसांकडची तक्रार

इथे चुकीच्या शब्दाची किंमत मोठी असते, कारण रोजच्या वापरातले काही शब्द कायद्यात वेगळ्या, ठरलेल्या अर्थाने येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले हे चार शब्द पाहा.

- राइअट: रोजच्या भाषेत दंगामस्ती. कायद्यात दंगल. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव आणि त्याने केलेला बळाचा किंवा हिंसेचा वापर, हे त्यात गृहीत आहे. गच्चीवर नाचणाऱ्या मुलांबद्दल ‘राइअटिंग’ लिहू नका.
- मिसचिफ: घरात खोडी. कायद्यात दुसऱ्याच्या मालमत्तेची हेतुपुरस्सर नासधूस. ‘द बॉइज आर डुइंग मिसचिफ’ या वाक्याने तुम्ही शेजाऱ्यांच्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप करता.
- अफ्रे: सार्वजनिक ठिकाणी दोन किंवा अधिक माणसांनी मारामारी करून शांततेचा भंग करणं. नुसता आरडाओरडा अफ्रे ठरत नाही.
- पब्लिक न्यूसन्स: लोकांना सामाईक त्रास, धोका किंवा अडथळा होईल अशी कृती. रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारीला हा शब्द जवळचा आहे.

‘राउडी’ आणि ‘हूलिगन’ हे शब्द तर टाळाच. ‘राउडी’ म्हणजे गोंगाट करणारा आणि भांडण उकरून काढण्याच्या बेतात असलेला. कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण या राज्यांत पोलिस सराईत गुंडांची ‘राउडी शीट’ ठेवतात. बेळगावात राहणाऱ्या किंवा बेंगळुरू-हैदराबादला नोकरीसाठी गेलेल्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं: तिथे शेजाऱ्याला लेखी ‘राउडी’ म्हणणं म्हणजे गुंड म्हणणं. माणसाला नाव ठेवू नका. काय झालं, किती वाजता, किती वेळ, कितव्यांदा हे लिहा. उदाहरणार्थ: ‘लाउड म्यूझिक वॉज प्लेड ऑन द टेरेस फ्रॉम टेन थर्टी पीएम टु वन एएम, डिस्पाइट टू रिक्वेस्ट्स टु लोअर द व्हॉल्यूम.’ अशा वाक्यातून चिडचिड वजा झालेली असते आणि वजन वाढलेलं असतं.

महाराष्ट्रात पोलिसांकडे जायचं असेल तर इंग्रजीच्या वाटेला जाण्याचं कारणच नाही. तक्रार मराठीत द्या. ‘गोंगाट’, ‘धिंगाणा’, ‘शिवीगाळ’, ‘मारहाण’, ‘तोडफोड’ हे शब्द ठाणे अंमलदाराला नेमके कळतात आणि तुम्हालाही त्यांचं वजन माहीत असतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती तोंडी दिलीत तर ती लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे, आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. वाचून दाखवताना प्रत्येक विशेषण कान देऊन ऐका. तुम्ही न उच्चारलेला शब्द आला असेल तर सहीआधी बदलून घ्या.

गोंगाटाबाबत तुमच्या बाजूने उभे राहणारे नियम असे आहेत:

- ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६.
- रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात मर्यादा ५० आणि ४० डेसिबल आहे.
- रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आजचा दिवस त्यात आहे का ते आधी पाहा.
- तातडीची तक्रार ११२ या क्रमांकावर करता येते. नाव उघड होईल या भीतीने अनेकजण गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलं आहे की ध्वनिवर्धकाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख पटवण्याच्या मागे न लागता कारवाई करावी आणि ती ओळख उघड करू नये.

विमानात ‘अनरूली’ ठरवलं गेलं तर

इथे हा शब्द विशेषण राहत नाही. त्यावर तुमचा पुढचा प्रवास अवलंबून असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७च्या नियमावलीत अशा वर्तनाच्या तीन पातळ्या आहेत. पहिली: शिवीगाळ, धमकावणारे हातवारे, मद्यपान करून गोंधळ, तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी. दुसरी: ढकलणं, मारणं, नकोसा स्पर्श, सहा महिन्यांपर्यंत. तिसरी: जिवाला धोका निर्माण करणं, वैमानिकाच्या कक्षात घुसण्याचा प्रयत्न, किमान दोन वर्षं, वरची मर्यादा नाही.

तुमच्यावर असा आरोप आला तर हे लक्षात ठेवा:

- बंदीचा अंतिम निर्णय कंपनीचा कर्मचारी घेत नाही. त्यासाठी निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली अंतर्गत समिती असते, आणि तिने ३० दिवसांत लेखी निर्णय द्यायचा असतो.
- या ३० दिवसांत कंपनी तात्पुरती बंदी घालू शकते. मुदतीत निर्णय झाला नाही तर तुम्ही प्रवासाला मोकळे असता.
- निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत अपील करता येतं.
- विमानातून उतरल्याबरोबर काय घडलं ते क्रमाने लिहून ठेवा, शेजारच्या प्रवाशांचा संपर्क घ्या, आणि माफीनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा. त्यात ‘अनरूली’, ‘अब्यूझिव्ह’, ‘थ्रेटनिंग’ यांपैकी कोणता शब्द आहे हे नीट पाहा. तिन्हींमधलं अंतर मोठं आहे. ‘आय रेझ्ड माय व्हॉइस’ हे खरं असेल तर तेवढंच कबूल करा.

नियमावल्या बदलत असतात, त्यामुळे अपील करण्याआधी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर त्या दिवशी लागू असलेल्या मुदती तपासा.

सभागृहातही हेच. लोकसभेच्या नियम ३७३ मध्ये ‘ग्रॉसली डिसऑर्डर्ली’ हे शब्द आहेत. सदस्याचं वर्तन अध्यक्षांना तसं वाटलं की ते त्याला तत्काळ बाहेर जायला सांगू शकतात. महाराष्ट्र विधानसभेने जुलै २०२१ मध्ये १२ आमदारांना गैरवर्तनाबद्दल वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ते अधिवेशनापलीकडचं निलंबन रद्द केलं. बातम्या लिहिणाऱ्यांनी ‘डिसऑर्डर्ली’चं भाषांतर ‘दंगेखोर’ असं करू नये. ‘सभागृहाच्या शिस्तीला सोडून’ एवढाच त्याचा अर्थ आहे.

शब्द तपासायचा कुठे?

मनात मराठी शब्द आहे आणि इंग्रजी सुचत नाही, अशा वेळी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. आपले हूड, वांड, नाठाळ, व्रात्य यांच्यासाठी त्यात एकेका शब्दाला अनेक पर्याय मिळतात, आणि ते वाचणं हा आनंदच आहे. मात्र ते इंग्रजी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे, म्हणून तिथला शब्द उचलून थेट अर्जात घालू नका.

तिथे सापडलेला शब्द मग आजच्या, भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी कोशात पाहा. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश किंवा त्यासारखा कुठलाही चालेल. आता ते आंतरजालावर फुकट वाचता येतात. अर्थाची ओळ वाचून पुस्तक मिटू नका. तीन गोष्टी पाहा: शब्दापुढे ‘डिसअप्रूव्हिंग’, ‘अप्रूव्हिंग’ किंवा ‘इन्फॉर्मल’ अशी खूण आहे का, उदाहरणातली वाक्यं मुलांबद्दल आहेत, जमावाबद्दल की वस्तूंबद्दल, आणि त्या वाक्यात तुमच्या माणसाचं नाव घालून मोठ्याने वाचलं तर ते त्याच्या तोंडावर म्हणायची तुमची तयारी आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर एक पायरी खालचा शब्द घ्या: ‘राउडी’ऐवजी ‘बॉइस्टरस’, ‘अनरूली’ऐवजी ‘रेस्टलेस’, ‘रॉकस’ऐवजी ‘लाउड’.